क्रीडापट पाहताना वडील का आठवतात?

जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत माणसाच्या मनात एखादी विशिष्ट भावना जागी करायची असेल तर त्याला चित्रपटातला कोणता प्रसंग दाखवावा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी अडीचशेहून अधिक चित्रपट तपासले आणि त्यांतले निवडक प्रसंग ४९४ प्रेक्षकांना दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवून घेतल्या. हसू आणणारे प्रसंग निघाले, किळस आणणारे निघाले, रागाचेही निघाले. दुःखासाठी जे प्रसंग सर्वांत परिणामकारक ठरले त्यांत एक जेमतेम तीन मिनिटांचा तुकडा होता आणि तो एका क्रीडापटातला होता. पुढे कितीतरी प्रयोगशाळांनी प्रेक्षकांना दुःखी करण्यासाठी हाच तुकडा वापरला.

तो चित्रपट म्हणजे १९७९ सालचा ‘द चॅम्प’. दिग्दर्शक होते फ्रान्को झेफिरेल्ली. प्रभू येशूच्या जीवनावरील ‘जीझस ऑफ नाझरेथ’ ही त्यांची मालिका आपल्यापैकी अनेकांनी उपवासकाळात धर्मग्रामाच्या सभागृहात बसून पाहिली असेल. ‘द चॅम्प’मध्ये एक उतरणीला लागलेला मुष्टियोद्धा आपल्या लहान मुलासाठी पुन्हा रिंगणात उतरतो, सामना जिंकतो आणि कपडे बदलण्याच्या खोलीत मुलाच्या डोळ्यांदेखत प्राण सोडतो. मुलगा त्याला उठवू पाहतो. तेथे उभ्या असलेल्या एकेका मोठ्या माणसाकडे तो धावतो, पण कोणाकडेच उत्तर नसते.

युद्धपट झाले, प्रेमकथा झाल्या, दुर्धर आजारांच्या कहाण्या झाल्या. एवढ्या साऱ्या पसाऱ्यात बाप, मुलगा आणि मुष्टियुद्ध यांनीच बाजी का मारावी?

यातला काही भाग शरीरशास्त्राचा आहे. जे एफ्रान आणि टिमोथी स्पँगलर या संशोधकांनी १९७९ सालीच असे मांडले होते की प्रौढ माणसाला रडू येते ते ताण शिगेला असताना नव्हे, तर तो अचानक सैल होतो तेव्हा. रुग्णालयाच्या दारात तासन्‌तास कोरड्या डोळ्यांनी बसलेली बाई ‘धोका टळला’ हे शब्द ऐकल्यावर हुंदका देते. हे आम्ही अनेकदा पाहिले आहे आणि वाचकांनीही पाहिले असेल. खेळाचा सामना म्हणजे ताण निर्माण करण्याचे माणसाने शोधलेले सर्वांत निर्दोष यंत्र आहे. त्याला घड्याळ असते, रेषा असते, नियम असतात, आणि शेवटी शिट्टी वाजणार हे ठरलेले असते. जगण्यातली संकटे कधी संपली हे कळत नाही. सामना संपला हे मात्र साऱ्या मैदानाला एकाच क्षणी कळते. चित्रपटकर्त्याला एवढेच करायचे असते, की शिट्टी वाजण्याच्या त्या क्षणी प्रेक्षकांत किंवा घरी वाट पाहत कोणीतरी उभे असावे. बहुधा तो बाप असतो.

अलीकडच्या काळात काही अभ्यासकांनी ‘हेलावून जाणे’ या भावनेलाच स्वतंत्र नाव दिले आहे. दोन माणसांमधले अंतर एकाएकी नाहीसे होते, ते पाहताना छातीत ऊब दाटते, अंगावर काटा येतो आणि डोळे भरतात. ती ही भावना. अ‍ॅलन फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यासाठी एक संस्कृत शब्द योजला आहे. तो मराठी कानाला मुळीच सोसणारा नाही, म्हणून येथे देत नाही. पण निरीक्षण खरे आहे. आपल्याकडील रसविचारात याची सोय पूर्वीपासून आहे. क्रीडापट वीररसाने सुरू होतो, त्याचा स्थायीभाव उत्साह. पण तो संपतो वत्सल रसात, जो भरतमुनींच्या यादीत नव्हता आणि नंतर विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त मानाने आत घेतला. भट्टनायकाने सांगितलेले साधारणीकरणही येथे घडते. पडद्यावरचा बाप हरियाणाचा असो की आयोवाचा, थोड्या वेळात तो कोणाचाही बाप उरत नाही, आणि म्हणूनच आपला होतो.

आता ‘बापच का’ या प्रश्नाकडे वळू. आईवर चित्रपट नाहीत असे नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) तर राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. परंतु आईचे प्रेम दाखवायला मैदान लागत नाही. स्वयंपाकघर, देवघर, उंबरठा पुरतो. ती बोलते, रागावते, जवळ घेते. आपल्याकडच्या, आणि बहुधा सर्वच समाजांतल्या, मागच्या पिढ्यांतील वडिलांना ही भाषा कोणी शिकवली नाही. त्यांना मुलाशी बोलण्यासाठी मध्ये एखादी वस्तू लागे: नांगर, सायकल, होडीचे वल्हे, बिघडलेला पंखा. चेंडू ही अशा वस्तूंपैकी सर्वांत हलकी. खाशाबा जाधवांना कुस्तीची दीक्षा दिली ती त्यांच्या पहिलवान वडिलांनी, दादासाहेबांनी. गोळेश्वरच्या त्या मुलाने १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकले. बाप आणि मुलगा समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या मनगटाची ताकद अजमावतात, तेव्हा जो स्पर्श होतो तो एरवी त्या घरात कदाचित कधीच होत नसतो.

वडिलांची ही अबोल भाषा ज्या चित्रपटाने सर्वांत नेमकी पकडली तो आमच्या मते ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ (१९८९). फिल अ‍ॅल्डन रॉबिन्सन यांनी डब्ल्यू. पी. किन्सेला यांच्या कादंबरीवरून तो केला. आयोवा राज्यातला रे किन्सेला नावाचा शेतकरी मक्याच्या उभ्या पिकात एक अनोळखी आवाज ऐकतो आणि पिकाचा मोठा तुकडा कापून तेथे बेसबॉलचे मैदान तयार करतो. शेजारी हसतात, कर्ज थकते, शेत जप्तीला येते. मग मक्यातून मृत खेळाडू चालत येतात आणि खेळू लागतात. १९१९च्या कुप्रसिद्ध लाचप्रकरणात बंदी घातलेले ते खेळाडू असतात. कथा ऐकताना पोरकट वाटते हे आम्ही मान्य करतो. बेसबॉलचे नियम आम्हांला आजही धड कळत नाहीत. तरीही चित्रपट कळतो, कारण तो बेसबॉलविषयी नाहीच.

रे चौदा वर्षांचा असताना त्याने वडिलांबरोबर चेंडू झेलण्याचा खेळ नाकारलेला असतो. सतराव्या वर्षी तो त्यांच्या आवडत्या खेळाडूवरून त्यांच्या वर्मी लागेल असे काही बोलतो आणि घर सोडतो. क्षमा मागण्यापूर्वीच वडील वारतात. शेवटी मक्यातून आलेल्या खेळाडूंपैकी एक तरुण आपला मुखवटा काढतो, आणि रे पाहतो तर ते त्याचे वडील असतात. पण ते तरुण असतात. संसाराच्या ओझ्याने वाकण्यापूर्वीचे, रेच्या जन्माच्याही आधीचे. दोघे थोडे अवघडून बोलतात. रे आपल्या बायकोची आणि मुलीची ओळख करून देतो. ही तुमची नात, असे मात्र म्हणत नाही. आणि वडील जायला वळतात तेव्हा तो विचारतो, थोडा वेळ चेंडू झेलायचा का? चित्रीकरणाच्या वेळी त्या वाक्यात ‘डॅड’ हा शब्द नव्हता. प्रदर्शनापूर्वी चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकांना तो हवा होता, म्हणून नंतर ध्वनिमुद्रणात तो घालण्यात आला. सारा चित्रपट त्या एका हाकेसाठी थांबलेला असतो.

यात क्षमा आहे, पण क्षमा हा शब्द नाही. बाप आणि मुलगा चेंडू टाकतात आणि झेलतात. संस्कार-प्रशिक्षणाच्या वर्गात समेटाविषयी बोलताना आम्ही कधीकधी हा प्रसंग सांगतो. पुष्कळ कुटुंबांत समेट असाच होतो: कोणी चुकले असे म्हणत नाही, कोणीतरी चहाचा पेला पुढे करतो आणि दुसरा तो घेतो.

आपल्या वडिलांचे तरुणपण आपण कोणीच पाहिलेले नसते, ही गोष्ट या प्रसंगाच्या मुळाशी आहे. आपल्याला ते भेटतात ते तिशी-पस्तिशीत, थकलेले, हिशेबात गुंतलेले. त्यांनी कधी शीळ घालत सायकल हाकली असेल, एखादा सामना पाहायला कामावर दांडी मारली असेल, याचे चित्रण कोठेच नसते. क्रिकेटरसिकांना यावरून टनब्रिज वेल्सची आठवण व्हावी. १८ जून १९८३ रोजी झिंबाब्वेविरुद्ध भारताचे ५ गडी १७ धावांत बाद झाले असताना कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा केल्या. भारतीय क्रिकेटच्या इतिहासातली ही अलौकिक खेळी. पण तिचे चित्रण उपलब्ध नाही. ज्यांनी ती पाहिली त्यांच्या सांगण्यावरच आपण विश्वास ठेवला. कबीर खान यांच्या ‘८३’ (२०२१) या चित्रपटाने ती पडद्यावर उभी केली तेव्हा लोक एक हरवलेली चित्रफीत सापडावी तसे भारावले.

आम्ही तो चित्रपट पाहिला तेव्हा मात्र आमच्या डोळ्यांपुढे आली एक वही. २५ जूनच्या अंतिम सामन्याच्या दिवशी आमचे वडील दुसऱ्या पाळीला कामावर होते. शेजारच्या घरातील रेडिओपाशी बसून आम्ही गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर वेस्ट इंडीजचा एकेक बळी लिहीत गेलो. सर्वबाद १४०, भारत ४३ धावांनी विजयी. वडील मध्यरात्रीनंतर घरी आले. चपला न काढताच दिव्याखाली उभे राहून त्यांनी ते पान वाचले. “रिचर्ड्स कसा गेला?” एवढेच विचारले. कपिलने मागे धावत जाऊन झेल घेतला, असे आम्ही सांगितले. त्यांनी मान डोलावली, पान फाडून घेतले, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि हात धुवायला गेले.

पुन्हा चित्रपटांकडे येऊ. दोन क्रीडापटांत पस्तीस वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे, पण दोघांचा कळस एकाच युक्तीवर उभा आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ (१९८१) हा १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकवरील चित्रपट. आपल्या भाविकांना तो एरिक लिडेल यांच्यामुळे ठाऊक आहे. रविवार पाळण्यासाठी त्यांनी १०० मीटरची शर्यत सोडली, ४०० मीटरमध्ये सुवर्ण मिळवले, पुढे चीनमध्ये मिशनरी झाले आणि १९४५ साली जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत वारले. पण त्या चित्रपटातला आम्हांला सर्वाधिक भिडलेला प्रसंग लिडेल यांचा नाही. तो हॅरॉल्ड अब्राहम्स या ज्यू स्थलांतरिताच्या मुलाच्या प्रशिक्षकाचा, सॅम मुसाबिनी यांचा आहे. हौशी खेळाचे सोवळे पाळणाऱ्या त्या काळात पैसे घेऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला प्रतिष्ठितांच्या पंक्तीत स्थान नव्हते. १०० मीटरची अंतिम शर्यत चालू असताना मुसाबिनी मैदानाजवळच्या एका खोलीत एकटे बसलेले असतात. निकाल कळण्याचा मार्ग नसतो. मग ब्रिटनच्या राष्ट्रगीताचे सूर खिडकीतून येतात. म्हातारा उभा राहतो, आपल्या गवती टोपीच्या माथ्यावर ठोसा मारून तिला भोक पाडतो आणि अब्राहम्सला उद्देशून ‘मुला’ म्हणतो. रक्ताचे नाते नसलेला माणूस त्या शब्दासरशी बाप होतो.

नितेश तिवारी यांच्या ‘दंगल’मध्ये (२०१६) महावीरसिंग फोगट यांना २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील गीताच्या अंतिम कुस्तीच्या वेळी एका खोलीत कोंडून ठेवलेले दाखवले आहे. बाहेर काय घडते आहे ते त्यांना दिसत नाही. ‘जन गण मन’ ऐकू येते आणि त्यांना कळते. प्रत्यक्षात असे काही घडले नव्हते. कोणी महावीरसिंगांना कोंडले नाही, आणि गीता यांची ती अंतिम लढत पडद्यावर दाखवली तशी अखेरच्या क्षणी फिरलेलीही नव्हती. गीता यांनी राष्ट्रकुल कुस्तीत सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळवला, हे मात्र शंभर टक्के खरे.

मग या बनावाची गरज का पडली? कारण बंद खोलीतला बाप हे बहुतेक बापांचे खरे चित्र आहे. मुलाच्या आयुष्यातल्या निर्णायक घडीला बाप सहसा तेथे नसतो. तो कारखान्यात असतो, बोटीवर असतो, आखातात असतो, किंवा या जगातच नसतो. मुलाची परीक्षा, पहिली नोकरी, पहिली हार त्याला भिंतीपलीकडून कळते. प्रेक्षक रडतो तो गीतासाठी नव्हे. आपल्या बापाला आपला विजय ऐकू गेला असेल का, हा प्रश्न त्या भिंतीने विचारलेला असतो.

येथे एक हरकत घेतलीच पाहिजे, आणि ती आम्हांला किरकोळ वाटत नाही. क्रीडापट बापाला फार लवकर माफ करतो. ‘दंगल’मधला बाप मुलींना न विचारता त्यांचे केस कापतो, आवडीचे खाणे बंद करतो, पहाटे झोपेतून ओढून काढतो. चित्रपट त्याची वकिली एका बालवधूच्या तोंडून करतो: तुमचा बाप निदान तुमचा विचार तरी करतो, असे ती म्हणते. युक्तिवाद हुशारीचा आहे आणि अर्धाच खरा आहे. पदक मिळाले म्हणून सक्ती योग्य ठरत असेल, तर पदक न मिळालेल्या हजारो मुलांच्या बापांचे काय? उन्हाळी शिबिरांच्या मैदानाबाहेर उभे राहून आपल्या आठ वर्षांच्या मुलावर खेकसणारे पालक आम्ही पाहतो, तेव्हा त्यांतल्या काहींनी हा चित्रपट जरा जास्तच मनावर घेतला असावा अशी शंका येते. याउलट ‘रुडी’ (१९९३) या चित्रपटातला बाप आम्हांला अधिक ओळखीचा वाटतो. पोलाद कारखान्यातला हा कामगार नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर जीव टाकतो. पण त्याच्या बुटक्या मुलाने त्या संघात खेळण्याचे स्वप्न पाहिले की तो घाबरतो. ते आपल्यासारख्यांसाठी नाही, असे त्याला मनापासून वाटते. हा दुष्टपणा नव्हे, गरिबीने शिकवलेली भीती आहे. अखेर मुलाला शेवटच्या काही क्षणांपुरते मैदानात उतरवले जाते. बाप त्या भव्य स्टेडियममध्ये आयुष्यात प्रथमच आलेला असतो आणि भोवती पाहतच राहतो.

आणि ज्यांच्या वाट्याला रुडीचाही बाप आला नाही, त्यांचे? धर्मगुरूकडे लोक मोकळेपणाने बोलतात. दारूने घर बुडवणारे, हात उगारणारे, एक दिवस निघून गेलेले वडीलही आम्हांला त्यांच्या मुलांच्या तोंडून भेटले आहेत. अशा एका गृहस्थांनी आम्हांला सांगितले, की ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ पाहून ते सर्वांत जास्त रडले आणि स्वतःवरच चिडले. आठवावे असे काही नसताना रडू कशाचे आले? आम्हांला वाटते, ते आठवणीचे रडू नव्हते. जे मिळायला हवे होते त्याची माणसाला नेमकी जाण असते, न मिळाले तरी. तहान लागायला पाणी चाखलेले असावे लागत नाही.

बापाच्या अबोलपणाविषयी आपल्याला नवल वाटण्याचे तसे कारण नाही. संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानांत नोंदलेला नाही. तो उठतो, निघतो, घेऊन जातो, परत येतो, शोधतो, सगळी क्रियापदेच. आणि लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात जो धावतो तो मुलगा नव्हे, वयस्कर बाप धावतो. त्या काळच्या समाजात प्रतिष्ठित वडीलधाऱ्याने झगा सावरीत रस्त्यावरून धावणे शोभणारे नव्हते, असे बायबलचे अभ्यासक सांगतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही आपल्या वडिलांच्या आठवणी सांगताना फुटबॉलच्या मैदानाचा उल्लेख पुनःपुन्हा केला. ब्युनोस आयर्समधल्या सान लोरेन्झो संघाने १९४६ साली अजिंक्यपद मिळवले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि घरच्यांबरोबर सामने पाहायला जात. पोप झाल्यावरही ते त्या क्लबचे सभासद राहिले.

चित्रपटापेक्षा खरा प्रसंग अधिक चित्रपटासारखा असावा असे क्वचित घडते. १९९९च्या विश्वचषक स्पर्धेसाठी सचिन तेंडुलकर इंग्लंडमध्ये असताना १९ मे रोजी त्यांचे वडील वारले. रमेश तेंडुलकर कवी होते, मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते. मुलाने सचिन व्हावे म्हणून त्यांनी कधी आरडाओरडा केल्याचे कोणी सांगितलेले नाही. सचिन अंत्यविधीसाठी मुंबईला आले. त्यांच्याविना भारत लेस्टरला झिंबाब्वेकडून ३ धावांनी हरला. चारच दिवसांनी, २३ मे रोजी, ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध ते पुन्हा उभे राहिले आणि १०१ चेंडूंत नाबाद १४० धावा केल्या. शतक पूर्ण झाल्यावर त्यांनी बॅट उंचावली आणि मान वर करून आकाशाकडे पाहिले. त्यानंतरच्या प्रत्येक शतकानंतर आपण त्यांची ती मान वर होताना पाहिली. ‘सचिन: अ बिलियन ड्रीम्स’ (२०१७) या माहितीपटातही ती आहे.

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर त्यांनी निरोपाचे भाषण केले, तेव्हा कोणाचे आभार मानायचे राहू नये म्हणून नावांची यादी लिहून आणली होती. ती बरीच मोठी होती. त्यांनी पहिले नाव वडिलांचे घेतले, आणि त्यानंतर आईचे.